डाव्या पायाचं वजन

सिग्नल हिरवा झाला, मी मोटरसायकलचा क्लच दाबून पायाने पहिला गियर टाकला, आणि तो पडलाच नाही. इंजिन नुसतं गुरगुरलं. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. मागे पाण्याचा टँकर होता, त्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली, पण माझं लक्ष टँकरकडे नव्हतं. मला वाटलं, गेला, डावा पाय पुन्हा गेला. मागच्या वर्षी तो असाच न सांगता गेला होता. सकाळी पलंगावरून उतरलो, उजवा पाय फरशीला लागला आणि डावा कुठे लागला ते कळलंच नाही, मी सरळ कपाटावर जाऊन आदळलो. नंतर उजवाही गेला. नसांचा आजार, म्हणाले. पुढे दोन्ही परत आले, पण डावा पुरता आला नाही. तो चालतो, जिने चढतो, सांगितलेलं ऐकतो, फक्त आपण काय केलं ते मला कळवत नाही. त्यामुळे तो काय करतोय हे बघायला मला खाली बघावं लागतं. तसं मी भर चौकात बघितलं. पाय जागच्या जागी होता, अंगठ्यामागचा भाग बरोबर गियरच्या लिव्हरवर, बिचारा मन लावून दाबत होता. लोंबत होता तो लिव्हर. मी वाकून बोटाने ढकलला तर नळाच्या झिजलेल्या चावीसारखा गोल फिरला. दाते गेले होते. लिव्हर ज्या दांड्यावर बसतो त्या शाफ्टचे दाते गेले होते, माझा पाय गेला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी तिथेच हसायला लागलो. टँकरवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काका, झोप लागली का?" मी म्हटलं, "गाडी बिघडली हो, गाडी," आणि ते मी ज्या सुरात म्हटलं तो ऐकून त्याने हॉर्नवरचा हात काढला आणि मला वळसा घालून निघून गेला.

गाडी ढकलत घरी आलो. चढाव होता, ऊन होतं, मागच्या खोक्यात पितळी वजनं खडखडत होती, आणि मी शीळ घालत होतो. माझा धंदा वजनकाट्यांचा. दुकानादुकानांतून फिरायचं, तागडीवर आपली वजनं ठेवायची, काटा खोटं बोलत असेल तर त्याला खरं बोलायला लावायचं. वाण्यांना मी आवडत नाही, पण ते चहा देतात. या धंद्यात एक सवय लागते. काही चुकतंय असं दिसलं की पहिला प्रश्न असा, चूक काट्यात आहे की वजनात? गेलं वर्षभर मी चालताना ठेचकाळलो, कप सांडला, पायरी चुकलो, की उत्तर ठरलेलं असायचं, चूक माझ्यात. पायपुसणं सरकलेलं असलं तरी मीच, पायरी तुटकी असली तरी मीच. इस्पितळातले डॉक्टर मला डोळे मिटायला लावायचे, डाव्या पायाचा अंगठा चिमटीत धरायचे आणि विचारायचे, "वर की खाली?" मी ठोकून द्यायचो. वर. खाली. वर. निम्मी उत्तरं बरोबर यायची, नाणं उडवलं तरी तेवढीच आली असती. तरुण डॉक्टर होते, ते मान हलवून म्हणायचे, "येईल कदाचित. वापरत राहा." कदाचित हा शब्द माझ्या धंद्यात चालत नाही. आणि आज पहिल्यांदा, वर्षभरात पहिल्यांदा, काहीतरी मोडलं होतं आणि ते मी नव्हतो. चढावर दम लागला तेव्हा गाडीला टेकून मी तिच्या टाकीवर हात फिरवला आणि तिला मनापासून धन्यवाद दिले.

बायकोला हे सगळं मी त्याच सुरात सांगितलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या एका डोळ्यावर झाकण धरून विचारायचं, आता दिसतंय? हे बरं की मघाचं? खोटं बोलणारे तिला लगेच कळतात, अक्षरं पाठ करून आलेली म्हातारी माणसं तर दारातूनच कळतात. माझं सगळं ऐकून घेतलं आणि तिने एवढंच विचारलं, "म्हणजे तुम्ही भर चौकात, टँकर मागे असताना, खाली बघितलंत?"

"अगं पण गियर..."

"गियरचं मी विचारलं नाही. रोजच बघता का?"

मी खाली पायाकडे बघितलं, त्यात काय ते आलं. तिचा आवाज चढला नाही, तिचा चढत नाही. ती म्हणाली, "पलीकडच्या गल्लीतला इलेक्ट्रिशियन दोनदा विचारून गेलाय, गाडी द्यायची आहे का म्हणून. मी त्याला रविवारी संध्याकाळी या म्हटलंय. अहो, माझ्याकडे असं बघू नका. तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा मी पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसून देवाला काय काय कबूल केलं होतं ते तुम्हाला माहीत नाही. रविवारपर्यंत गाडी नीट करा. आणि मग माझ्यासमोर, खाली न बघता, गियर टाकून दाखवा. जमलं तर गाडी तुमची. नाही जमलं तर त्याची."

मी म्हटलं, "चालेल." खरं तर मला नाचावंसं वाटत होतं. गाडी गेली तर माझी फिरती जाणार होती, फिरती गेली तर मी माझ्या दुरुस्तीच्या दुकानात पंख्याखाली बसून कोणी काटा घेऊन येतंय का याची वाट बघणार होतो, आणि हळूहळू पंखाच बघायला लागणार होतो. हे सगळं मला दिसत होतं. तरी मला वाटत होतं की आपण जिंकलोच आहोत, कारण चूक शाफ्टमध्ये सापडली आहे, आणि शाफ्ट बदलता येतो.

गॅरेजवाला म्हणाला, "कशाला बदलताय? लिव्हर शाफ्टला वेल्डिंग मारून देतो, दोन मिनिटांचं काम." तो माझा जुना दोस्त, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला दोन मिनिटं लागतात आणि प्रत्येक गोष्ट सहा महिन्यांनी परत येते. मी म्हटलं, वेल्डिंग मारलंस की शाफ्ट पुन्हा कधी बाहेर निघणार नाही, तो इंजिनच्या आरपार जातो. तो म्हणाला, "निघायला कशाला हवा? तुम्ही आणि गाडी, दोघांचं मिळून किती राहिलंय आता?" आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन त्याने मला भंगारवाल्याचा पत्ता दिला, कारण माझ्या मॉडेलचे सुटे भाग आता नवे मिळत नाहीत. भंगारवाल्याकडे इंजिनांचा ढीग होता. त्यातून एक त्याने पायाने माझ्याकडे लोटलं. अपघातातली गाडी, फारशी चाललेली नाही. शाफ्ट काढून हातात घेतला, दात्यांवरून नख फिरवलं. प्रत्येक खाच नखाला लागली, एकही चुकली नाही. मी तो रुमालात गुंडाळून शर्टाच्या आत घातला आणि घरी येईपर्यंत त्याचा थंड दांडा छातीला लागत होता.

दुकानामागच्या खोलीत मी गाडी उघडली. खाली ऑइलसाठी पसरट भांडं, वर दिवा, बाजूला जुन्या ताटल्यांमध्ये एकेक स्क्रू, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने. उजव्या बाजूचं झाकण निघालं, ऑइलचा तो जळकट वास आला, आणि मला एकदम बरं वाटलं. ही गाडी घेतली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. पहिल्यांदा बायकोला मागे बसवून शहराबाहेर गेलो तेव्हा तिने माझा खांदा इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे बोटं उमटलेली होती, आणि मी ते आरशात बघून बघून थकलो नव्हतो. तेव्हा गियर कसा टाकायचो हे मी आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. टाकत असलो पाहिजे, गाडी चालत होती. पाय आपोआप काहीतरी करायचा आणि मला त्यातलं एवढंच कळायचं की वारा वाढला. आपल्या शरीरातल्या ज्या गोष्टी नीट चालू असतात त्यांची आठवण राहत नाही, हे किती वाईट आहे. क्लचच्या चकत्या काढल्या, मग त्यांची वाटी, आणि मागे शाफ्टचा पंजा दिसला. डावीकडून लिव्हर नुसता ओढला तर हातात आला. शाफ्ट उजवीकडून हळूहळू बाहेर घेतला. वीतभर लोखंड. एवढ्यासाठी सगळा संसार उघडावा लागतो.

मग मी दोन्ही शाफ्ट पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवले, आणि माझी शीळ थांबली. जुनेपणाने झिजलेला काटा मी रोज बघतो. जुनेपणा सगळीकडून सारखा खातो. इथे तसं नव्हतं. सगळे दाते एकाच बाजूला, खालच्या बाजूला लोळवलेले होते, आणि कागदावर फिरवून बघितलं तर दांडाही जरासा वाकलेला. ही गाडी वर्षानुवर्षं चालली आणि शाफ्टला काही झालं नाही. हे गेल्या काही महिन्यांतलं काम होतं. कोणीतरी रोज, प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वळणावर, गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोराने तो लिव्हर लाथाडत होता. मी स्टुलावर बसून राहिलो. सवयीने मनात प्रश्न आलाच, चूक काट्यात की वजनात? आणि उत्तर समोर कागदावर पडलेलं होतं. मला पाय कळत नव्हता, म्हणून गियर पडला की नाही या धास्तीने मी तो दाबत राहायचो, जितकं कळत नाही तितका जास्त. चौकातलं ते हसू आठवून मला लाज वाटली.

पण मी वजनकाटेवाला आहे. नुसत्या संशयावर मी वाण्यालाही दोषी धरत नाही. कोपऱ्यात दुरुस्त झालेला एक मोठा तबकडीचा काटा पडला होता, पोती जोखायचा. तो ओढून स्टुलापुढे घेतला, गाडीवर बसतात तसा बसलो, आणि डोळे मिटून काट्यावर गियर टाकला. माझ्या मते अगदी हलका, पेटी वाजवणाऱ्याने भाता दाबावा तसा. डोळे उघडले तर काटा तबकडीच्या अर्ध्यावर जाऊन थरथरत होता. एवढ्या वजनाचं पोतं उचलायला हमालही कंबर कसतो. मी पुन्हा केलं, आणखी हलकं. पुन्हा तेवढंच. मला भीती वाटायला हवी होती. ती वाटलीही, पण तिच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी वर आलं आणि मी स्टूल आणखी पुढे ओढलं. वर्षभर मला लोक विचारत होते, कळतं का, नाही कळत का, थोडं कळतं का, आणि मी अंदाजाने बोलत होतो. आता समोर तबकडी होती. पाय काय करतो हे पाय सांगत नव्हता, पण काटा सांगत होता, आणि काट्याशी कसं बोलायचं हे मला कोणी शिकवायला नको. काटा चुकत असला तर आपण त्याला फेकून देत नाही. खऱ्या वजनाशी लावून बघतो, स्क्रू फिरवतो, पुन्हा लावतो. पायाला स्क्रू नाही, एवढाच फरक.

मी बूट काढला. आजारापासून मी जाड तळव्याचे बूट घालत होतो, पायाला काही लागू नये म्हणून. मोजाही काढला. आधी तबकडीकडे बघून दाबायचो, काटा गियरला पुरेल त्या रेघेवर आला की तिथेच धरून ठेवायचो आणि अंगातून वर वर शोधत जायचो, हे कुठे कळतंय? तळव्यात काही नव्हतं. घोट्यात काही नव्हतं. पिंढरीत, आतल्या बाजूला, कोणीतरी दोरी जरा ताणल्यासारखं होतं. ते मी पकडलं. मग डोळे मिटून तेवढीच दोरी ताणायची आणि डोळे उघडायचे. चुकलं. पुन्हा. चुकलं. पुन्हा. दिवसा गिऱ्हाईक आलं की उठायचो, ते गेलं की परत. एक वाणी आपला काटा घेऊन आला तेव्हा मी अनवाणी एका पायाने पोत्याचा काटा दाबत, डोळे मिटून बसलो होतो. त्याने काहीही विचारलं नाही, पण त्या दिवशी त्याच्या काट्याबद्दल माझ्याशी वाद घातला नाही. बायको संध्याकाळी दारात उभी राहून नुसती बघायची. एकदा मात्र म्हणाली, "मघाच्यापेक्षा हे बरं होतं," आणि आत गेली. मी त्या रात्री जेवताना टेबलाखाली पायाने तिचा पाय शोधला, डोळे ताटात ठेवून. तिसऱ्यांदा सापडला. ती म्हणाली, "दुखतंय, हळू," आणि मला ते जगातलं सगळ्यात उपयोगी वाक्य वाटलं.

शनिवारी दुपारपर्यंत काटा रेघेच्या आसपास राहायला लागला होता. रेघेवर नाही, आसपास. तरी माझा उत्साह पोटात मावेना. रविवारी सकाळी मी गाडी जोडायला घेतली. शाफ्टच्या दात्यांना चिकटपट्टी गुंडाळली, आत सरकवताना ऑइल सीलचं रबर कापलं जाऊ नये म्हणून. शाफ्टवर एक स्प्रिंग असते, तिला दोन लांब टोकं असतात. इंजिनमध्ये एक खुंटी असते, तिच्या दोन बाजूंना ती दोन टोकं बसवायची. गियर खाली दाबा, वर उचला, ही स्प्रिंग लिव्हरला परत मधोमध आणून सोडते. तिच्याशिवाय लिव्हर गेला तिकडेच राहतो. टोकं खुंटीवर धरली, शाफ्ट आत दाबला, बसला. क्लच चढवला, झाकण लावलं, ऑइल ओतलं. हात भरभर चालत होते, आणि मी मनातल्या मनात संध्याकाळचं संभाषण रचत होतो, इलेक्ट्रिशियनला काय सांगायचं, कोणत्या सुरात सांगायचं, वगैरे. लिव्हर घट्ट आवळला आणि बायकोला हाक मारली.

ती हात पुसत आली, येताना दुकानातल्या चष्म्याच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा घेऊन आली. मला म्हणाली, "बसा." गाडी मधल्या स्टँडवर होती. मी बसलो, तिने पुठ्ठा माझ्या हनुवटीखाली आडवा धरला, न्हाव्याने कापड धरावं तसा, म्हणजे मला फक्त समोरची भिंत आणि तिचा चेहरा दिसत होता. "गाडी चालू करा." केली. खोली आवाजाने भरली. "बूट?"

"नाही घालणार."

"बरं. माझ्याकडे बघा. पायाकडे नाही, माझ्याकडे." तिचा चेहरा कामावरचा होता, खोटं पकडायला बसलेला. डोळ्यांखाली मात्र कामावरचं नव्हतं. तिथे मला त्या इस्पितळातल्या खुर्चीवरचे महिने दिसले, आणि माझ्या लक्षात आलं की तिलाही ही गाडी जायला नको आहे, फक्त मी जायला नको आहे हे त्याच्याआधी आहे. मी क्लच दाबला. डोळे तिच्या डोळ्यांत ठेवले आणि पिंढरीतली दोरी ताणली, अगदी थोडी.

खाली गेला. मला कळलं. पिंढरीत तर कळलंच, पण त्याच्याही खाली, घोट्याच्या पुढे, कुठेतरी फार लांब एक लहानसा खटका लागला, शेजारच्या खोलीत कोणी पेटी बंद करावी तसा. लिव्हर माझ्या पायाला धरून खाली गेला. मागे चाक फिरायला लागलं, साखळीचा आवाज आला. बायको म्हणाली, "पडला?" मी म्हणालो, "पडला." आणि पाय सैल सोडला, तो वर आला, आणि मी तसाच तिच्याकडे बघत थांबलो, कारण काहीतरी बरोबर नव्हतं. जाताना जो पायाला चिकटून गेला होता तो येताना बरोबर आला नाही. पायाखाली काही नव्हतं. वर्षभर माझ्या पायाखाली काही नसायचंच, ते मला चांगलं ओळखीचं होतं, आणि हे ते नव्हतं. ही एक जागा होती, तिला कडा होत्या, आणि तिथे एक वस्तू असायला हवी होती. मी पाय पुन्हा खाली नेला. फार खाली गेल्यावर ती लागली. जाणं कळलं होतं म्हणून न येणं कळत होतं.

"परत आला नाही," मी म्हणालो.

"काय परत आलं नाही?"

"लिव्हर. खालीच राहिलाय. बघ तू, मी बघत नाही. स्प्रिंगचं एक टोक खुंटीवरून सुटलंय. शाफ्ट दाबताना सुटलं असणार, मी घाईत हाताने तपासलं नाही. सगळं पुन्हा उघडावं लागणार, ऑइल काढा, झाकण काढा, क्लच काढा, सगळं." हे मी सांगत होतो आणि माझा आवाज वर वर चढत होता, मला थांबता येत नव्हतं. तिने पुठ्ठा न हलवता मान वाकवून खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. मग एक हात खाली नेऊन लिव्हर हलवून बघितला असावा, कारण मी म्हटलं, "आता तू हलवतेयस," आणि ती तशीच, वाकलेलीच, थांबली.

वर आली तेव्हा तिचा कामावरचा चेहरा कुठेतरी गळून गेला होता. हात लांब करून तिने किल्ली फिरवली, इंजिन बंद झालं, आणि त्या शांततेत तिला नाक ओढावं लागलं ते मला ऐकू आलं. मग तिने फोन घेतला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"हां, मी बोलतेय. संध्याकाळी येऊ नका, गाडी द्यायची नाही." ती ऐकत राहिली. मी अजून गाडीवरच बसलो होतो, पुठ्ठा माझ्या मांडीवर पडला होता. "नाही हो, नीट कुठली, काहीही नीट झालेलं नाही. बिघडलेलीच आहे," ती म्हणाली, आणि मोकळ्या हाताने मला ऑइलचं भांडं दाखवून खुणावलं, चला, उघडायला घ्या.